कार्ड बदलले तरी तक्रार तीच: लहान कार्यालयातील संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

लहान कार्यालयांतील संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसाकडे एक मागणी ठरावीक काळाने येतच राहते: संगणक संथ चालतो, दुसऱ्या मॉनिटरवर चित्र नीट दिसत नाही, तेव्हा परवडणारे एखादे ग्राफिक्स कार्ड सुचवा. कार्ड येते, बसवले जाते, काही दिवस सारे सुरळीत वाटते आणि मग तोच संगणक पुन्हा दुरुस्तीच्या टेबलावर येतो. आता स्क्रीन मध्येच काळी पडत असते, सकाळी दुसरा मॉनिटर सुरूच होत नसतो, किंवा हिशेबाची फाइल उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागत असतो. मग कार्डाला दोष देऊन दुसरे कार्ड आणले जाते. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा संगणकांपैकी थोड्याच ठिकाणी कार्ड खरोखर नादुरुस्त निघाले. बाकी ठिकाणी ज्या कामासाठी ते आणले होते ते त्याचे काम नव्हतेच, किंवा ज्या कॅबिनेटमध्ये ते बसवले त्याला ते पेलत नव्हते.

पुढील विवेचन पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ बैठका आणि थोडेफार आरेखन अशा कार्यालयीन वापरापुरते आहे. खेळांसाठी कार्ड निवडण्याचे निकष वेगळे असतात, आणि ते निकष जसेच्या तसे कार्यालयात आणल्यामुळेच हा गोंधळ वाढतो.

दोष कुठे आहे ते आधी पाहावे

कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्सचा भाग आतच असतो. इंटेलच्या यूएचडी ६३० सारखा साधा अंतर्गत ग्राफिक्स विभागही एका वेळी तीन मॉनिटर चालवू शकतो. अडचण येते ती मदरबोर्डावर तेवढी सॉकेट दिलेली नसतात म्हणून. त्यामुळे ‘संगणक संथ आहे’ या तक्रारीचे मूळ ग्राफिक्समध्ये असण्याची शक्यता पहिल्यापासूनच कमी असते. ती तपासण्याचा मार्गही सोपा आहे. तक्रारीचे काम प्रत्यक्ष चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क व जीपीयू (ग्राफिक्सचे काम करणारी चिप) यांपैकी कोणता आकडा शंभराकडे झुकतो ते पाहावे. हिशेबाच्या मोठ्या फाइलमध्ये आकडेमोड चालू असताना प्रोसेसरचा एखादा गाभा (कोर) पूर्ण व्यग्र आणि जीपीयू जवळजवळ रिकामा दिसला, तर कोणतेही कार्ड बसवून त्या फाइलचा वेग वाढणार नाही, कारण ती आकडेमोड ग्राफिक्स कार्डाकडे जातच नाही. डिस्कचा आकडा सतत शंभरावर असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर कार्डासाठी ठेवलेले पैसे एसएसडीवर खर्च करावेत.

एक बाब मात्र आवर्जून तपासावी, कारण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अंतर्गत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाची रॅमच वापरते. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल तर डीडीआर४-२४०० प्रकारात सेकंदाला १९.२ जीबी इतकीच देवाणघेवाण होऊ शकते. तशाच दोन पट्ट्या योग्य स्लॉटांत बसवल्या की ती ३८.४ जीबी होते. दोन मोठ्या मॉनिटरांवर खिडक्या सरकवताना चित्र अडखळते अशी तक्रार असलेल्या संगणकात एकच पट्टी आढळली, तर मी आधी दुसरी पट्टी घालून पाहतो आणि कार्डाचा विषय आठवडाभर पुढे ढकलतो. तो विषय पुन्हा निघालाच नाही असे अनेकदा झाले आहे.

कार्ड खरोखर लागते अशी स्थानेही आहेत. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेपूर्वीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ते प्रामुख्याने ‘जी’ अक्षराच्या प्रकारांतच मिळत असे. असा प्रोसेसर असताना जुने कार्ड जळाले, तर नवे घेण्याशिवाय गत्यंतर नसते. तीन किंवा चार मॉनिटर हवे असणे, ४के (३८४०×२१६० बिंदूंचा) मॉनिटर पूर्ण वेगाने चालवणे, त्रिमितीय आरेखन करणे, किंवा नव्या पद्धतीने संकुचित केलेले व्हिडिओ पाहताना प्रोसेसरावर ताण येणे, हीदेखील योग्य कारणे होत. या प्रत्येक कारणासाठी लागणारे कार्ड मात्र एकच नसते.

केबल आणि अडॅप्टर

कार्ड बदलल्यावरही टिकून राहणाऱ्या तक्रारींमध्ये सर्वांत मोठा वाटा केबल आणि अडॅप्टर यांचा असतो, म्हणून त्यांच्याकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

४के मॉनिटर जोडला आणि माउसचा बाण ओढल्यासारखा, जडपणे सरकू लागला, तर आधी डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रीफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, पाहावा. तेथे ३० हर्ट्झ दिसत असेल, तर कार्डाची ताकद कमी पडत आहे असा अर्थ होत नाही. एचडीएमआय १.४ या जुन्या मानकातून ३८४०×२१६० चे चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. ६० वेळा पाठवण्यासाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते. अनेक मदरबोर्डांवरील एचडीएमआय सॉकेट १.४ दर्जाचे आणि त्याच्याच शेजारचे डिस्प्लेपोर्ट मात्र ६० हर्ट्झ देणारे असते. अशा वेळी केवळ एक डिस्प्लेपोर्ट केबल आणून काम होते. उलट, याच तक्रारीवर उपाय म्हणून एनव्हिडियाच्या जीटी ७१० सारखे जुने कार्ड घेतले, तर त्याचे एचडीएमआयही १.४ दर्जाचेच असल्यामुळे तक्रार जिथल्या तिथे राहते आणि दोष पुन्हा कार्डावर येतो.

अडॅप्टरांना दिशा असते, ही गोष्ट वरून पाहून कळत नाही. संगणकाकडील डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारा साधा अडॅप्टर बहुतेक ठिकाणी चालतो, कारण डिस्प्लेपोर्टच्या दुहेरी पद्धतीत कार्ड स्वतःच एचडीएमआयचे संकेत पाठवते. संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे केवळ डिस्प्लेपोर्ट अशी उलटी स्थिती असेल, तर तोच अडॅप्टर उलटा लावून चित्र येणार नाही. तेथे संकेतांचे रूपांतर करणारा सक्रिय अडॅप्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. साध्या अडॅप्टरांतही क्षमतेचे भेद आहेत. स्वस्तातील कित्येक अडॅप्टर १०८० ओळींच्या चित्रापुरते ठीक असतात, आणि त्यांवर ४के मॉनिटर जोडला की चित्र अधूनमधून जाते. ही अधूनमधून जाणारी स्क्रीन म्हणजेच ‘कार्ड गरम होते’ या निष्कर्षाची नेहमीची सुरुवात होय.

जुन्या व्हीजीए मॉनिटरांची गोष्ट निराळी आहे. व्हीजीए हा सलग चढउतारांचा, म्हणजे ॲनालॉग संकेत आहे आणि एनव्हिडियाच्या जीटी १०३० पासून पुढच्या कार्डांतून तो बाहेरच पडत नाही. अशा कार्डावर डीव्हीआयचे सॉकेट दिसले तरी ते डीव्हीआय-डी प्रकारचे असते, त्यात ॲनालॉगसाठीच्या पिना नसतात. त्यामुळे खणात पडून राहिलेला जुना डीव्हीआय-व्हीजीए अडॅप्टर त्यात बसतच नाही, आणि जोर लावून बसवण्याचा प्रयत्न केल्यास पिना वाकतात. येथेही सक्रिय अडॅप्टर लागतो. कार्यालयात असे दोन-तीन मॉनिटर उरले असतील, तर प्रत्येकासाठी सक्रिय अडॅप्टर घेण्याचा हिशेब आणि एक मॉनिटर बदलण्याचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा.

तिसरा मॉनिटर एवढीच गरज असेल, तर कार्डावाचून दोन वाटा उपलब्ध आहेत. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एकाच सॉकेटमधून एकाहून अधिक मॉनिटर चालवता येतात. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचे बाहेर जाणारे सॉकेट हवे, किंवा मध्ये तसा हब हवा. दुसरी वाट डिस्प्लेलिंक तंत्रावर चालणाऱ्या यूएसबी अडॅप्टरची आहे. त्यात चित्र संकुचित करण्याचे काम प्रोसेसर करतो, त्यामुळे स्थिर मजकूर आणि तक्ते यांच्यासाठी तो पुरेसा पडतो. व्हिडिओ बैठकीची खिडकी मात्र त्या मॉनिटरवर ठेवू नये.

कॅबिनेट आणि वीज

कार्डाची यादी पाहण्याआधी कॅबिनेट उघडावे, हातात मोजपट्टी घ्यावी आणि मोजावे. कार्यालयीन संगणकांची बारीक कॅबिनेटे लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, कार्डांसाठी बनवलेली असतात. पूर्ण उंचीच्या कार्डाची पाटी (सर्किट बोर्ड) साधारण १११ मिलिमीटर उंच असते, तर लो-प्रोफाइल कार्डाची सुमारे ६९ मिलिमीटर. मागील धातूची पट्टी पहिल्या प्रकारात १२० मिलिमीटरच्या आसपास आणि दुसऱ्यात ८० च्या आसपास असते. काही कार्डांची पाटी लो-प्रोफाइल असते, मात्र खोक्यातून बाहेर काढताना तिच्यावर मोठी पट्टी चढवलेली असते आणि छोटी पट्टी वेगळ्या पिशवीत येते. माझ्याकडून एकदा ती पिशवी खोक्यासकट फेकली गेली. नंतर त्या कार्डाला जुळणारी पट्टी स्वतंत्रपणे मिळवण्यात जो वेळ गेला, त्यात संपूर्ण कार्यालयाचे संगणक साफ करून झाले असते. पट्टीविना कार्ड नुसते स्लॉटमध्ये खोचून ठेवल्यास केबलच्या ओझ्याने ते तिरपे होते आणि ‘हलवले की डिस्प्ले येतो’ ही सर्वपरिचित व्याधी जडते.

उंचीनंतर जाडी पाहावी. अनेक लहान कॅबिनेटांत ग्राफिक्सचा लांब स्लॉट एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, लगत किंवा अगदी कडेला असतो, आणि दोन स्लॉटांची जागा व्यापणारे कार्ड तेथे शिरत नाही. शिरले तरी त्याचा पंखा धातूच्या भिंतीला टेकून हवा ओढू शकत नाही.

आता वीज. पीसीआय एक्स्प्रेसच्या ग्राफिक्स स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून येणारी सहा पिनांची, म्हणजे आणखी ७५ वॅटची, किंवा आठ पिनांची, म्हणजे १५० वॅटची जोडणी लागते. कार्यालयीन संगणकांच्या एसएमपीएसमध्ये ही जोडणी सहसा नसतेच. म्हणून निवड ७५ वॅटच्या आतच करावी, आणि शक्यतो बरीच आत, कारण काही तयार संगणकांत निर्मात्याने त्या स्लॉटवरील कार्डासाठी ७५ वॅटपेक्षाही कमी मर्यादा घालून दिलेली असते. ती त्या मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत पाहावी. त्याच पुस्तिकेत स्लॉटची खरी जोडणीही दिलेली असते, तीही पाहावी, कारण लांबीने सोळा मार्गिकांचा (माहिती वाहून नेणाऱ्या वाटांचा) दिसणारा स्लॉट आतून चारच मार्गिकांचा असू शकतो.

सहा पिनांची जोडणी नाही म्हणून डिस्कला वीज देणाऱ्या साटा वीजकेबलीपासून सहा पिना बनवून देणारा अडॅप्टर बाजारात सहज मिळतो. तो वापरू नये, हे येथे निःसंदिग्धपणे नोंदवतो. साटा वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअरची असते. म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, अर्थात ५४ वॅट. दुसऱ्या बाजूला बसलेले कार्ड मात्र ७५ वॅट मिळतील असे गृहीत धरून चालते. परिणामी ताण आला की ती जोडणी तापते, प्लास्टिक मऊ होते, आणि संगणक ‘आपोआप बंद पडतो’ या तक्रारीपासून सुरुवात होऊन शेवट जळक्या वासात होऊ शकतो.

कार्डावर लिहिलेले जीबी

सामान्यतः विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती जीबीचे कार्ड?’ असा असतो आणि कमी किमतीच्या कार्डांच्या बाबतीत तोच सर्वांत निरुपयोगी असतो. मेमरी किती आहे यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे, आणि कार्डाची पिढी कोणती आहे, यावर त्याची उपयुक्तता ठरते. जीटी १०३० हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०१७ साली आलेल्या मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती आणि तिची गती सेकंदाला ४८ जीबी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, त्याची गती १६.८ जीबी आहे. दोन्हींवर २ जीबी असेच लिहिलेले असते. दुसऱ्या प्रकारची गती वर सांगितलेल्या रॅमच्या एका पट्टीपेक्षाही कमी भरते, तेव्हा ते बसवल्यावर वेग वाढला नाही म्हणून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जीटी ७३० या नावाखाली तर तीन भिन्न कार्डे विकली गेली. त्यांपैकी एक आणखी जुन्या, फर्मी पिढीच्या चिपवर बांधलेले होते आणि तेच सर्वाधिक वीज खाणारे होते.

पिढीचा प्रश्न ड्रायव्हरशी, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरशी, बांधलेला असल्यामुळे कार्यालयासाठी तो सर्वांत महत्त्वाचा मानावा. जीटी ७१० आणि केप्लर चिपवरील जीटी ७३० यांच्यासाठी एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर काढणे २०२१ मध्ये थांबवले आणि त्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्याही २०२४ मध्ये संपल्या. फर्मी पिढीचे नियमित ड्रायव्हर त्याही आधी, २०१८ मध्येच थांबले होते. ही कार्डे आजही नव्या, मोहोरबंद खोक्यात विकली जातात, आणि खोके नवे दिसते म्हणून आतील वस्तू नवी आहे असा समज होतो. जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय आणि क्वाड्रो पी६२० ही पास्कल पिढीची कार्डे आहेत. त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर झाले आहे. हाताशी असलेले कार्ड तोवर वापरावे, मात्र पाच वर्षांच्या हिशेबाने आज नवे म्हणून ते घेऊ नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक कार्यालये विंडोज ११ कडे वळत आहेत, आणि तेथे डायरेक्टएक्स १२ व डब्ल्यूडीडीएम २.० ड्रायव्हर असलेले ग्राफिक्स ही किमान अट आहे.

मग घ्यावे काय? केवळ मॉनिटरांची संख्या वाढवायची असेल, तर माझा कल कार्यस्थानकांसाठी (वर्कस्टेशनसाठी) बनवलेल्या छोट्या कार्डांकडे आहे. एनव्हिडियाचे टी४०० हे लो-प्रोफाइल, एका स्लॉटचे, ३० वॅटचे कार्ड तीन मिनी डिस्प्लेपोर्ट देते. टी६०० हे ४० वॅटमध्ये चार देते. दोन्ही ट्युरिंग पिढीची, म्हणजे पास्कलच्या पुढची आहेत. खेळांच्या कसोट्यांत ती मागे पडतात म्हणून त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. कार्यालयाला त्या कसोट्यांशी काही देणेघेणे नसते. ही कार्डे जुन्या कार्यस्थानकांतून काढलेली, वापरलेलीही मिळतात. घेताना मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर सोबत आहेत का, आणि पट्टी कोणत्या उंचीची आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ चे, ५३ वॅटचे कार्ड लो-प्रोफाइल स्वरूपात मिळते आणि दोन मॉनिटरांसाठी ते चांगले आहे, परंतु त्याच्या दोन उणिवा ठाऊक असाव्यात. त्यावर सॉकेट दोनच असतात, आणि व्हिडिओ संकुचित करणारा हार्डवेअर विभाग त्यात नाही. त्यामुळे स्क्रीन ध्वनिमुद्रणासह नोंदवून ठेवण्याचे काम नेहमी असेल, तर तो भार प्रोसेसरावरच पडतो. एव्ही१ पद्धतीचे व्हिडिओ उलगडण्याची सोयही त्यात नाही. जीटी १०३० मध्येही संकुचनाचा विभाग नाही, हे त्याच ओघात सांगतो.

इंटेलची आर्क ए३१० आणि ए३८० ही कार्डे व्हिडिओच्या बाबतीत किमतीच्या मानाने उजवी आहेत, कारण एव्ही१ उलगडणे आणि संकुचित करणे ही दोन्ही कामे ती स्वतः करतात. ती जुन्या संगणकासाठी मात्र नाहीत. त्यांना बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि इंटेल स्वतः आपल्या दहाव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्यांच्यासाठी योग्य मानत नाही. आठव्या पिढीच्या संगणकात हे कार्ड घालून ‘नवीन असूनही अडखळते’ अशी तक्रार आली, तर कारण शोधत बसण्याची गरज नाही. त्रिमितीय आरेखन नियमित असेल आणि कॅबिनेटमध्ये दोन स्लॉटांची जागा व ७० वॅटची मुभा असेल, तर आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार पाहावा. तो २०२४ मध्ये आला, त्याला वेगळ्या वीजजोडणीची गरज बहुधा नसते आणि लो-प्रोफाइल स्वरूपातही तो मिळतो. नावातील ६ जीबी येथे मात्र नीट पाहावे, कारण त्याच नावाच्या ८ जीबी प्रकाराला जास्त वीज लागते. द्विमितीय नकाशे आणि आराखडे एवढेच काम असेल, तर यातले काहीही नको.

वापरलेले किंवा फारच स्वस्त कार्ड घेतल्यास ते बसवताच जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर चालवावे. जुन्या फर्मी चिपच्या कार्डावर दुसरे बायोस (कार्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) लिहून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. अशा कार्डांचे नाव विंडोजमध्ये हवे तसे दिसते, मात्र अधिकृत ड्रायव्हर बसवला की ती कोलमडतात. जीपीयू-झेड चिपची खरी ओळख वाचते आणि नाव जुळत नसल्यास ते बनावट असल्याचे दाखवते.

बसवल्यावर दोष परत आला तर

कार्ड बसवले आणि काहीच दिसत नाही, या तक्रारीत पहिल्यांदा मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. जुन्या सवयीने ती मदरबोर्डाच्या सॉकेटमध्येच राहिलेली असते, आणि कार्ड सापडताच अनेक बायोस अंतर्गत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मदरबोर्ड आणि कार्ड अशी दोन्हींची सॉकेट एकत्र वापरायची असतील, तर बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्याय असतो. त्याचे नाव प्रत्येक बोर्डावर थोडे वेगळे आढळते, तरी बहुधा त्यात मल्टी-मॉनिटर असा शब्द येतो. केबल योग्य जागी असूनही सुरुवातीचा पडदा येत नसेल आणि कार्ड बरेच जुने असेल, तर त्याच्या बायोसला यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत कळत नसण्याची शक्यता असते. जुन्या पद्धतीचा सीएसएम हा पर्याय चालू केल्यास ते दिसू लागते, पण मग सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनधिकृत सॉफ्टवेअर रोखणारी सोय, सोडावी लागते. कार्यालयाच्या संगणकात ही तडजोड मी करत नाही, कार्ड बदलतो.

काम करता करता स्क्रीन काळी पडून क्षणात परत येत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत ४१०१ या क्रमांकाची नोंद शोधावी. ग्राफिक्सने ठरावीक वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ही नोंद करते. नोंद सापडली तर दोष ड्रायव्हर, उष्णता, वीज किंवा कार्ड यांपैकी एकात आहे. नोंद नसेल आणि स्क्रीन मात्र जात असेल, तर संशय केबल, अडॅप्टर आणि मॉनिटर यांच्याकडे वळवावा. हा एक फरक पाहिल्याने अर्धा दिवस वाचतो, आणि तरीही ही नोंद न पाहताच कार्ड परत पाठवले गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

ड्रायव्हरचा संशय असेल, तर नव्यावर नवा चढवत जाऊ नये. आधीच्या कार्डाचा, विशेषतः दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचा, ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. डीडीयू हे सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवून जुने अवशेष काढावेत, त्या वेळी नेटची जोडणी काढून ठेवावी म्हणजे विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर घालणार नाही, आणि मग निर्मात्याकडून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर बसवावा. काही आठवड्यांनी तोच दोष परतला, तर त्या तारखेच्या आसपास विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलला का, हे अपडेटच्या इतिहासात दिसते.

उष्णतेच्या बाबतीत पंखा नसलेली कार्डे विशेष फसवी असतात. ती आवाज करत नाहीत म्हणून कार्यालयात आवडतात, पण त्यांना कॅबिनेटमधील हवेच्या प्रवाहावर अवलंबून राहावे लागते, आणि भिंतीला टेकवलेल्या, धुळीने भरलेल्या बारीक कॅबिनेटमध्ये तो प्रवाह नसतो. दुपारनंतरच दोष दिसतो, सकाळी सारे ठीक असते, असे कोणी सांगितले की मी प्रथम कॅबिनेटची जाळी पाहतो.

दोन किरकोळ तक्रारी कार्डाच्या दोषात धरू नयेत. एचडीएमआय जोडल्यावर स्पीकरचा आवाज गेला, तर विंडोजने ध्वनीसाठी मॉनिटर निवडलेला असतो; आवाजाच्या सेटिंगमध्ये जुने साधन पुन्हा निवडावे. डिस्प्लेपोर्टवरील मॉनिटर बंद करून चालू केल्यावर सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर गोळा होत असतील, तर ते मॉनिटर तुटल्याची खबर विंडोजला मिळाल्यामुळे घडते. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगखाली मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा.

इतके करूनही दोष राहिला, तर अदलाबदल करून पाहावी, पण एका वेळी एकच वस्तू बदलावी. प्रथम दोन मॉनिटरांच्या केबली कार्डाच्या बाजूने एकमेकींच्या जागी लावाव्यात. दोष त्याच मॉनिटरवर राहिला तर केबल किंवा मॉनिटर, आणि दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर कार्डाचे ते सॉकेट संशयित ठरते. नंतर कार्ड दुसऱ्या संगणकात घालून दोन दिवस चालू द्यावे. तेथे ते ४१०१ ची एकही नोंद न करता चालले, तर ते परत पाठवू नये. मूळ संगणकाचा एसएमपीएस बदलून तेच कार्ड पुन्हा बसवून पाहावे.